खंडेनवमीला उचललेला चेंडू

सहा पावलांवरून त्यांनी चेंडू माझ्या तोंडावर मारला.

फेकला नाही, मारला. त्यात फरक असतो. बास्केटबॉलचा चेंडू छातीशी धरून दोन्ही हातांनी ढकलतात, त्याला पास म्हणतात. बावीस वर्षं मी ते बघत आलेय. पास देणारा माणूस समोरच्याच्या हातांकडे बघतो. जिमखान्याचे सर माझ्या डोळ्यांत बघत होते.

नाकात कट्‌ झालं. बाहेर कुणाला ऐकू गेलं नसेल, मला कवटीच्या आत ऐकू आलं. मग गरम गरम काहीतरी ओठांवर आलं, हनुवटीवर, पदरावर. आणि खाली निळ्या कोर्टवर. टप. टप.

मारायच्या आधी ते म्हणाले होते, "कुणाला विचारून हात लावलास?"

मारल्यावर म्हणाले, "मावशी, आधी ते पुसून घ्या. डाग पडतो."

बघा बरं. मारताना तू, पुसायला सांगताना तुम्ही. काम सांगायची वेळ आली की आमच्या पुण्यात आदर परत येतो.

त्यांच्या मागे मुलांचा संघ उभा होता, नवे बूट घालून. एकजण हसला. माझ्या मागे अकरा पोरी होत्या. आणि मी काय केलं असेल?

मी खाली बसले आणि पुसायला लागले.

हे लिहिताना हात थांबतो. नाकाचं दुखणं गेलं, पण हे जात नाही. स्वतःचं रक्त, स्वतःच्या पदरानं, माणूस म्हणाला म्हणून पुसत होते मी. वरून ठिबकत होतं आणि खाली मी पुसत होते. जितकं पुसावं तितकं वाढत होतं. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणाला असता, बाई वेडी आहे.

वेडी नव्हते. शिकवलेली होते.

आता सगळं सांगते, नीट पहिल्यापासून.

मी त्या कॉलेजच्या जिमखान्यातली मावशी. झाडायचं, पुसायचं, चेंडूत हवा भरायची, जर्स्या धुवायच्या, किल्ल्या सांभाळायच्या. राहते वारज्याला. गाव वाशीमकडचं. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या कारखान्यापायी इकडे आलो. कारखाना बंद पडला, पाठोपाठ नवरा गेला, आणि मी कंत्राटावर कॉलेजात लागले. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीत दीक्षा घेतलेले. घरात देव नाहीत, पुस्तकं होती. मला मात्र तिसरीत शाळेतून काढलं, धाकटी भावंडं सांभाळायला.

वाचायला मी जिमखान्यात शिकले. इंग्रजी अक्षरं जर्स्या वाळत घालता घालता शिकले. पाठीवर नावं असायची ना, दोरीवर ओळीनं वर्णमालाच लागायची. मराठी वाचन बळकट झालं ते बुटांच्या खोक्यात येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांवर. गुणतक्ता कसा भरतात ते तर मी बघून बघून इतकं शिकले की पोरींच्या सरावाला मीच भरायची. पण हजेरीच्या मस्टरवर अंगठा. पहिल्या दिवशी हेडक्लार्कनी न विचारता शाईचं पॅड पुढं सरकवलं, मी अंगठा टेकवला. पुढं बावीस वर्षं ते सरकवत राहिले, मी टेकवत राहिले. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

मी लागले तेव्हा मुलींचा बास्केटबॉल म्हणजे चार पोरी. ओढणी कमरेला बांधून यायच्या. पाचवी लागायची म्हणून खो-खोतली एक उसनी घ्यायची. तिला नियम ठाऊक नव्हते, ती चेंडू काखेत मारून पळायची! आम्ही हसून हसून लोळायचो. आणि आता? गेल्या वर्षी निवडीला तीस-बत्तीस पोरी आल्या. मांजरीहून दोन बस बदलून येणारी, हॉस्टेलमधली, झाडून सगळ्या. मोबाइलवर परदेशातल्या बायकांच्या मॅची बघतात, मग तोच डाव इथं करून बघतात. मुलींचा संघ सलग तीन वर्षं झोनल जिंकला. त्यांचा फोटो कॉलेजच्या प्रवेशाच्या फ्लेक्सवर लागला, मुख्य फाटकावर, एवढा मोठा.

आणि खेळायला जागा? मागचं काँक्रीटचं कोर्ट. वेळ दुपारी एक ते दोन. एप्रिलमध्ये त्या काँक्रीटवर चपाती भाजेल. पुढचं निळं, नवं, रबरासारखं कोर्ट होतं, ते सकाळी मुलांना, संध्याकाळी मुलांना, आणि दुपारी कुलपाला. मुलांना बाहेरगावी जायला गाडी. मुलींनी बसनं जायचं, येताना जमलं तर बसायला मिळायचं. कपडे बदलायला खोली नाही. गाद्यांच्या कोठारात त्या बदलायच्या आणि मी दाराला पाठ लावून उभी राहायची.

जिमखान्याचे सर फळ्यावर वेळापत्रक लिहायचे. सुंदर अक्षर हो त्यांचं. सहा ते आठ, मुले. पाच ते सात, मुले. आणि एक ते दोन याच्यापुढं लिहायचे, 'मंगळागौर'.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हसले होते. खोटं कशाला बोलू?

मांजरीची प्रणाली, संघाची कप्तान, ती नाही हसली. उंच, काळी, बारीक पोरगी. वडील उसाच्या मळ्यात मजुरीला. तिनं फडकं घेतलं, 'मंगळागौर' पुसलं आणि 'मुली' लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत मंगळागौर. असं महिनाभर चाललं. त्या दोघांच्या मध्ये तो फळा झिजला.

एकदा उन्हात एका पोरीचा पाय सटकला. गुडघ्याचं कातडं सोलून आतलं पांढरं दिसायला लागलं. मी तिला धरून नळाकडे नेत होते. सर व्हरांड्यात चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "सांभाळून. फुगडी जपून घालावी."

आवाज चढवला नाही. ते कधीच आवाज चढवायचे नाहीत. पोरगी रडत होती ती थांबली. रडूसुद्धा आत गेलं तिचं. त्या दिवशी माझ्या हातात हवा भरायचा लोखंडी पंप होता आणि माझ्या मनात काय आलं ते मी इथं लिहितेच. त्या पंपानं त्यांच्या हातातला कप फोडावा. मग दात. तिथंच थांबले असते असं वाटत नाही. पण मी पंप खाली ठेवला आणि पोरीच्या गुडघ्याला हळद लावली.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे तुम्हाला माहीत आहे. जिमखान्यात चेंडूंची होते. सरांनी चौरंगावर मोठी मांडणी करायची, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. एकदा पूजा झाली की हत्यारं निजली. मग दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

मांडणी चालली होती तेव्हा मी चौरंग पुसायला पुढं झाले. सर म्हणाले, "मावशी, तुम्ही लांबच थांबा. तुमच्यात पूजा चालत नाही ना? मग उगाच कशाला."

किती काळजी माझ्या धर्माची! बावीस वर्षं तोच चौरंग मी माळ्यावरून काढतेय, मीच धुतेय. मांडायच्या वेळी मात्र लांब.

मी लांब थांबले आणि बघत राहिले. त्यांनी चौरंगावर काय ठेवलं ते बघितलं. पोरींचे तीन चेंडू ठेवले, जुने, घासून गुळगुळीत झालेले, टक्कल पडलेले. मुलांचे नवे सहा चेंडू सरांच्या केबिनमध्ये कपाटावर होते. त्यांना कुंकू नाही, माळ नाही. ते जागेच राहिले. निजवले ते फक्त पोरींचे.

आणि पोरींची झोनलची मॅच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

एक वाजता पोरी आल्या. प्रणाली केबिनच्या दारात गेली. "सर, एक बॉल द्या ना. परवा मॅच हाय."

घाबरली की तिच्या तोंडात मांजरी येते.

सर म्हणाले, "हाय का? बरं बरं. पण आज मंगळागौर बंद. शस्त्रं निजलीत." आणि डबा घेऊन स्टाफरूमला निघून गेले.

पोरी रिकाम्या हातांनी मागच्या कोर्टवर गेल्या. मी गेले बघायला. त्या चेंडूशिवाय सराव करत होत्या. खरंच सांगते. हात वर करायच्या, नसलेला चेंडू टाकायच्या, नसलेला चेंडू झेलायच्या. "दे! दे! इकडं!" अकरा जणी. उन्हात.

मी परत आले. चौरंगापुढं उभी राहिले. सगळ्यात टकला चेंडू उचलला. माळ बाजूला काढून ठेवली, नीट, टाकली नाही. पदरानं कुंकू पुसलं. चेंडू दाबून बघितला, हवा होती. मग खुंटीवरची दुसरी किल्ली काढली आणि पुढच्या निळ्या कोर्टचं कुलूप उघडलं.

"या गं," म्हटलं. "इथं खेळा."

पोरी दारातच थांबल्या. आत पाऊल टाकेनात. बूट झाडून आल्या. तीन वर्षं ज्यांचा फोटो फाटकावर होता, त्या आपल्याच कॉलेजच्या कोर्टवर पाहुण्यासारख्या बूट झाडून आल्या.

अर्धा तास. फक्त अर्धा तास खेळल्या त्या. मी कडेला गुणतक्ता भरत होते. नव्या जमिनीवर चेंडू काय उसळत होता! प्रणाली धावत येऊन उडी मारायची तेव्हा वाटायचं, खाली येणारच नाही.

सर मुलांना घेऊन लवकर आले. प्रणालीच्या हातातून त्यांनी चेंडू काढून घेतला. कडेला एक डाग राहिला होता कुंकवाचा, तो बोटानं चाचपला. मग माझ्याकडं वळले.

पुढचं सांगितलंच आहे.

मी पुसत होते. प्रणाली ओरडली, "मावशी, उठा!" मी उठले नाही. ती परत ओरडली. मी मान वर केली नाही. मग ती आली आणि त्या रक्तावरच बसली. पांढऱ्या हाफ पँटनं. फतकल मारून.

"आता पुसा," म्हणाली.

सर म्हणाले, "ए, ऊठ."

ती बसून राहिली. त्यांनी तिचा दंड धरून ओढला. ती जड झाली, पोरं हट्टाला पेटली की होतात तशी. ते ओढत होते, ती घसटत होती आणि निळ्यावर लाल पट्टा उमटत होता. मग दुसरी पोरगी येऊन तिच्याजवळ बसली. मग तिसरी. अकराच्या अकरा माझ्याभोवती बसल्या आणि मला पुसायला जागाच उरली नाही.

तेव्हा मी उठले.

पदर सोडला, तो रक्तानं जड झाला होता. सरांसमोर उभी राहिले. त्यांचा श्वास लागला होता. मी खाली बघितलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांचा रंग दिसला. घारे आहेत.

सरकारी दवाखान्यात टाके घातले, सांगितलं, हाड मोडलंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरी चार गुणांनी हरल्या. मी नाकात बोळे घालून ऐकलं ते.

प्राचार्य मॅडमनी बोलावलं. नारायण पेठेतल्या, मऊ बोलणाऱ्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या केबिनमध्ये मी आजवर फक्त पुसायला गेले होते.

"मावशी, आपलं कॉलेज म्हणजे एक कुटुंब. घरातलं भांडण कुणी चव्हाट्यावर नेतं का?"

"घरातल्या बाईचं नाक फोडलं तरी, मॅडम?"

त्यांनी हेडक्लार्ककडं बघितलं. हेडक्लार्कनी कागद पुढं केला आणि शाईचं पॅड उघडलं. "इथं अंगठा करा मावशी, विम्याचं आहे."

मी कागद घेतला. चष्मा लावला. आणि मोठ्यानं वाचला. "सदर कर्मचारी ओल्या फरशीवरून पाय घसरून पडल्याने त्यांच्या नाकास दुखापत झाली. त्यांची याबाबत कोणाविरुद्धही तक्रार नाही."

अडखळले फक्त 'विरुद्धही'ला. जोडाक्षर आहे ना.

हेडक्लार्कचा हात पॅडसकट तसाच राहिला. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येतं?"

"येतं. आणि फरशी पुसणारी मीच आहे. ती ओली नव्हती."

तिथून मी थेट चौकीत गेले. हवालदार म्हणाले, "आजी, खेळात लागतोच चेंडू."

"मी खेळत नव्हते साहेब. उभी होते."

दवाखान्याचा कागद ठेवला. मग लिहायला घेतलं त्यांनी. म्हटलं, पूजेच्या वेळी लांब थांबा म्हणाले, तेही लिहा. "त्याचं काय एवढं?" "एवढं काही नसेल तर लिहायला काय जातं?" लिहिलं. वाचून बघितलं. मग सही केली, माझ्या नावाची, पूर्ण.

कामावरून मला दुसऱ्या दिवशी काढलं. कंत्राट संपलं म्हणे.

आठवड्यानं परत बोलावणं आलं. या वेळी मॅडमशेजारी संस्थेचे एक पदाधिकारी बसले होते. त्यांनी वेळ घालवला नाही. "मुलींना नवं कोर्ट रोज पाच ते सहा. कायमचं, लेखी देतो. तुम्ही कामावर परत. चौकीतली तक्रार तेवढी मागे घ्या. नाहीतर यंदा मुलींचा संघ ठेवायचा की नाही, याचा विचार करावा लागेल."

आता सांगा, काय करायचं? जे चार वर्षं पोरी मागत होत्या ते टेबलावर ठेवलेलं. फक्त माझं नाक मध्ये.

घरी मुलगा म्हणाला, "आई, पोरींचं भलं होतंय ना? घे मागे. तुझं नाक काय, जुळेल."

मी पोरींकडे गेले. दुपारी एकला, मागच्या काँक्रीटवर. सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचा खेळ आहे, तुम्ही सांगाल ते करीन.

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एक गोरी, नकट्या नाकाची पोरगी खाली बघून म्हणाली, "मावशी, पाच ते सहा म्हणजे... आपल्याला परत कधी मिळणार? सॉरी, पण घ्या ना मागे." तिच्यावर राग नाही माझा. तिच्याच गुडघ्याचं कातडं गेलं होतं.

प्रणाली म्हणाली, "आणि पुढच्या वेळी काही पायजे असलं, तर कुणाचं नाक द्यायचं?"

ती नकटी म्हणाली, "माझं चालणार नाही. आधीच कमी आहे."

पोरी हसल्या. मीही हसले, टाके ओढले तरी हसले. हसता हसता ती रडायला लागली आणि म्हणाली, "नका घेऊ मागे."

मी मॅडमना जाऊन एवढंच सांगितलं, "नाही."

त्या संध्याकाळी पाचला पोरी निळ्या कोर्टवर गेल्या. परवानगी नव्हती. मुलांचा सराव चालू होता. पोरी जाऊन रिंगखाली उभ्या राहिल्या, अकरा जणी, खांद्याला खांदा लावून. मी त्यांच्यात. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला बघितलं आणि पाठ फिरवली, भला माणूस.

मुलं थांबली. सरांकडे बघायला लागली. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सराव चालू ठेवा."

आधी चेंडू रिंगमधून आमच्या डोक्यांवर पडले. मग रिंगकडं कुणी बघेना. पाठीत, खांद्यात, मांड्यांवर. प्रत्येक चेंडू लागला की आवाज व्हायचा, गोणी काठीनं बडवावी तसा. माझ्या बरगडीत एक बसला, डोळ्यांपुढं काजवे चमकले. प्रणालीचा ओठ फुटला. नकटीनं दोन्ही हातांनी माझं तोंड झाकलं आणि तिच्या बोटांवर बसलं. हलली नाही. कुणीच हललं नाही. किती वेळ ते मोजलं नाही. एका मुलानं चेंडू खाली ठेवला आणि निघून गेला. मग आणखी दोघांनी. बाकीचे मारत राहिले.

सरांनी शिट्टी वाजवली. "उद्या बघतो एकेकीला."

प्रणाली रक्त थुंकली. "उद्या पण पाचलाच हाय सर."

आज हे लिहितेय तेव्हा काही जिंकलेलं नाही. यंदाच्या पुढच्या स्पर्धांना संघाचं नाव पाठवलेलं नाही. तिघींच्या घरच्यांनी त्यांना घरी बसवलं. उरलेल्या आठ रोज पाचला जातात, निळे-जांभळे वळ घेऊन येतात, मोबाइलवर त्याचे फोटो काढून चौकीत देतात. मी रोज वारज्याहून बस धरते. पहारेकरी बदललाय, तो मला आत सोडत नाही, म्हणून मी कुंपणाला धरून उभी राहते आणि कुणी किती चेंडू मारले, कुणाच्या कुठं लागले, ते वहीत लिहिते. त्यातली प्रत्येक ओळ मी जजसाहेबांपुढं ठेवणार आहे.

आणि केसच्या सुनावणीला उभी राहीन तेव्हा सर समोर असतील, इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांचा वकील अहो-जाहो करील. विचारील, मावशी, सरांशी तुमचं काही वैर होतं का?

त्या माणसाला मी सर म्हणणार नाही. आरोपी म्हणीन. बोट दाखवून म्हणीन, आणि कुणी बोट खाली घ्या म्हणालं तरी घेणार नाही.